तू बोलतेस तेव्हा मला ऐकू येत नाही

(नर्सिंगच्या फर्स्ट आणि सेकंड इयरच्या स्टुडंट्ससमोर एका नर्सिंग ट्यूटरने दिलेलं व्याख्यान, थोडं एडिट करून)

बसा बसा, उभं राहू नका. मागे जागा असेल तर मागेच बसा, मी काही कोणाला पुढे बोलावणार नाहीये, कारण आजचा विषय मागच्या बेंचचा आहे, म्हणजे लेक्चरमध्ये होणाऱ्या गडबडीचा, आणि मी स्वतः त्याच बेंचवरची आहे. म्हणजे तुम्हाला वाटेल या मॅडम आल्यात तर आता "शिस्त पाळा" वगैरे सांगणार. नाही. मी स्टुडंट असताना लेक्चर चालू असताना सगळ्यात जास्त बडबड करणाऱ्यांपैकी एक होते, आणि मला त्यातून बाहेर कोणी काढलं तर टीचरने नाही, पुढच्या बेंचवरच्या मुलीने, एका वाक्यात. ते वाक्य नंतर सांगते.

आधी हे बोलू की त्रास नेमका कशाचा होतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी मला सांगितलंय की मॅडम, पंख्याचा आवाज चालतो, बाहेर गाड्या जातात ते चालतं, पण मागे दोघी कुजबुजल्या की डोकं चालत नाही, मग माझंच कॉन्सन्ट्रेशन वीक आहे का? नाहीये वीक. पंख्याला अर्थ नसतो, बोलण्याला असतो, आणि जी भाषा आपल्याला कळते तिच्याकडे मेंदू आपल्याला न विचारता वळतो. त्यातही अर्धवट ऐकू आलेलं सगळ्यात वाईट, कारण उरलेला अर्धा भाग जुळवण्यात आपण गुंततो, "कोणाचं ब्रेकअप झालं? कोण म्हणाली?" आणि तेवढ्यात फळ्यावरची ओळ पुसली गेलेली असते. ही गोष्ट आपल्या प्रोफेशनमध्ये नवीन नाहीये बरं का. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ मध्ये नर्सिंगवर जे पुस्तक लिहिलं त्यात आवाज या विषयाला अख्खं प्रकरण दिलंय, आणि त्यात त्या पेशंटच्या खोलीत कुजबुजण्याला सरळ क्रूरपणा म्हणतात, कारण पेशंटची इच्छा नसली तरी त्याचं लक्ष ते ऐकण्याकडे ताणलं जातंच. पेशंटच्या जागी स्वतःला ठेवा, म्हणजे तुमची चूक नाहीये एवढं तरी कळेल.

आणि आवाज न करताही त्रास होतो. समोरच्या बेंचवर कोणी फोनवर रील्स स्क्रोल करतंय, आवाज बंद आहे, तरी तुमची नजर जाते. २०१३ मध्ये कॅनडात लॅपटॉपवर एक स्टडी झाला होता, लेक्चर चालू असताना काही जण लॅपटॉपवर दुसरी कामं करत होते, त्यांचे मार्क तर कमी आलेच, पण ज्यांच्या नजरेसमोर असे स्क्रीन होते, जे बिचारे स्वतः नोट्स काढत होते, त्यांचे मार्क बाकीच्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आले. तेव्हा "मी माझं मोबाईल बघतेय, तुला काय करायचंय" हे म्हणणं बरोबर नाही, करायचंय, आम्हालाच करायचंय.

आता कोणी म्हणेल, एवढं काय, एक वाक्य चुकलं तर नंतर बघून घेऊ. इतर कोर्समध्ये असेल तसं, आपल्याकडे एक शब्द चुकला तर उलटा अर्थ होतो. हायपो म्हणजे कमी आणि हायपर म्हणजे जास्त. बोलताना फरक केवढा, फक्त शेवटचा उच्चार, आणि नेमक्या त्याच क्षणी मागे कोणी फिस्कन हसलं तर? रक्तातलं पोटॅशियम वाढलं की ईसीजीवर टी वेव्ह उंच टोकदार होते, कमी झालं की चपटी होते आणि यू वेव्ह दिसायला लागते, हे तुमच्या वहीत उलटं लिहिलं गेलं तर तुम्ही परीक्षेत नापास व्हाल ते सोडा, वॉर्डात काय कराल? तसंच फिफ्टीन आणि फिफ्टी, किंवा डोपामिन आणि डोब्युटामिन ही दोन वेगळी औषधं.

सलाईनचं गणित घ्या ना. १००० मिली ८ तासांत द्यायचंय, सेटचा ड्रॉप फॅक्टर २०, म्हणजे एका मिलीचे २० थेंब, तर १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, साधारण मिनिटाला ४२ थेंब. आता ट्यूटर म्हणाल्या "वीस", तुम्हाला गोंगाटात ऐकू आलं "साठ", कारण आधीच्या उदाहरणात मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटचा ६० होता. उत्तर आलं १२५ थेंब. वहीत गणित एकदम परफेक्ट दिसतं, स्टेप्स बरोबर, फक्त साध्या सेटला तुम्ही मिनिटाला १२५ थेंब लावलेत तर तो लिटर २ तास ४० मिनिटांत आत गेला. म्हाताऱ्या, हार्टच्या पेशंटला. वाईट वाटतंय ना ऐकून, मलाही सांगताना वाटतं, पण बेंचवरच्या कुजबुजीचं नातं थेट त्या ड्रिप चेंबरशी आहे.

बरं, याला उलटा मुद्दाही आहे आणि तो मी स्टाफच्या तोंडून खूपदा ऐकलाय, "वॉर्डात तरी कुठे शांतता असते, मॉनिटर वाजतात, नातेवाईक विचारतात, मग आत्तापासून सवय करा." ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण सवय होत नाही हो, फक्त चुका दिसायच्या बंद होतात. सिडनीतल्या दोन हॉस्पिटल्समध्ये ९८ नर्सेसचं औषध देणं बघून २०१० मध्ये एक स्टडी छापला गेला, मध्येच प्रत्येक वेळी अडवलं की प्रोसीजरमधल्या आणि औषधाच्या दोन्ही प्रकारच्या चुका साधारण १२-१३ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. त्या शिकाऊ मुली नव्हत्या. म्हणून तर काही हॉस्पिटल्समध्ये औषधं देताना नर्स वेगळ्या रंगाचा एप्रन घालते, त्यावर लिहिलेलं असतं, आत्ता मला डिस्टर्ब करू नका. म्हणजे अनुभवी सिस्टरला शांतता मागायचा हक्क आहे आणि तुम्हाला शिकताना नाही, असं कसं चालेल?

आता ती माझी गोष्ट. सेकंड इयरला होते, मी आणि माझी पार्टनर शेवटून दुसऱ्या बेंचवर, आमचं अखंड चालायचं, मॅडमची नक्कल, हॉस्टेलच्या भानगडी, आणि आम्हाला प्रामाणिकपणे वाटायचं की आपण हळू बोलतो. आमच्या पुढे एक गप्प मुलगी बसायची. तिने वर्गात कधी वळून बघितलं नाही, कधी "श्श" केलं नाही. एकदा लेक्चर संपल्यावर मी जिन्यात एकटी होते, बघा हं, एकटी असतानाच आली, आणि म्हणाली, "तू बोलतेस तेव्हा मला मॅडमचं ऐकू येत नाही. आज पोटॅशियम इंजेक्शनचं डायल्युशन माझ्याकडून सुटलं." बस्स. थांबली नाही, माझ्या उत्तराची वाटही बघितली नाही. मी दोन दिवस तिच्यावर चिडून होते, "एवढी काय हुशार लागून गेली" वगैरे. पण मला त्या वाक्यात भांडायला जागाच सापडली नाही. ती मला वाईट म्हणाली नव्हती, बेशिस्त म्हणाली नव्हती, तिचं काय सुटलं तेवढं सांगून गेली. आणि पोटॅशियम क्लोराइड डायरेक्ट शिरेत कधीच पुश करायचं नाही, पातळ करून हळूच द्यायचं, हे तिचं सुटलं म्हणजे ते माझंही सुटलं होतं की, मला तर तो टॉपिक झाला हेच माहीत नव्हतं!

म्हणून मी सांगते, वाक्य असंच असू दे. "तुम्ही लोक नेहमीच" ने सुरू केलं की भांडण, "मला" ने सुरू केलं की समोरची निदान ऐकून तरी घेते. सगळ्यांसमोर नको, आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको, तिथे एकदा लिहिलं की मग विषय बाजूला राहतो आणि स्क्रीनशॉट फिरतात.

पण सगळी गडबड कुजबुजीचीच नसते. मला विचाराल तर सगळ्यात कठीण केस म्हणजे तो किंवा ती, जिला प्रत्येक टॉपिकवर घरातला पेशंट आठवतो. "मॅडम, माझ्या काकूंना पण असंच झालं होतं," आणि मग काकूंची गोष्ट दहा मिनिटं, त्यात काकूंचे डॉक्टर, काकूंच्या सूनबाई. वर्गात हसू येतं पण सिलॅबस पुढे सरकत नाही आणि हिला कोणी बडबडी म्हणत नाही कारण ती "प्रश्न विचारते". तिला गप्प करू नका, पण तुम्ही हात वर करा आणि टीचरला म्हणा, "मॅडम, मला इन्सुलिनचा आधीचा पॉइंट परत समजावाल का?" गाडी रुळावर येते आणि कोणाचा अपमान होत नाही. टीचरही मनातून थँक्यू म्हणतात, मी म्हणते.

झोपणाऱ्यांबद्दल मी फार बोलणार नाही. नाईट करून आलेली मुलगी घोरत असेल तर हळूच कोपर लावा, एवढंच.

जागा बदलणं हा उपाय लोकांना भित्रेपणाचा वाटतो, मला नाही वाटत. पुढे बसलं की बोलणारे आणि स्क्रीन दोन्ही तुमच्या मागे जातात, निम्मं काम झालं. मैत्रीण रागावेल तर तिला आधी सांगा की मी फक्त फार्माकॉलॉजीला पुढे बसणारेय, लंचला आहेच. आणि जे सुटलं तिथे वहीत चौकोन रिकामा ठेवा, बाजूला प्रश्नचिन्ह करा, अंदाजाने भरू नका. डोस असेल तर शेजारणीच्या वहीतून उतरवून घेऊ नका कारण तिलाही त्याच गोंगाटात ऐकू आलंय, त्याच दिवशी पुस्तकातून बघा किंवा ट्यूटरला विचारा.

सांगूनही बंद झालं नाही तर सीआरला, म्हणजे क्लास रिप्रेझेंटेटिव्हला सांगा, मग ट्यूटरकडे जा, आणि जाताना नर्सेस नोट्स लिहितो तशी तक्रार लिहून न्या. आपण चार्टवर "पेशंट त्रासदायक आहे" असं लिहितो का? नाही, जे बघितलं ते लिहितो. तसंच इथे, "मागच्या मुली फालतू आहेत" असं नाही, तर "मंगळवारी फार्मा लेक्चरमध्ये तीनदा डोस ऐकू आला नाही, एकदा स्वतः सांगून बघितलं, फरक पडला नाही." अशा कागदावर ट्यूटरला काहीतरी करता येतं. नुसतं रडत गेलात तर त्या पाणी देतील, बसवतील, आणि पुढच्या मंगळवारी परत तेच. एक मात्र वेगळं ठेवा, जर गडबड तुमच्यावरच असेल, तुमच्या उच्चारावर हसणं, उत्तर दिलं की कमेंट पास करणं, तर या पायऱ्या चढत बसू नका, सरळ ट्यूटरकडे जा, ते डिस्टर्बन्स नाहीये, तो छळ आहे.

हे सगळं एवढं का घोळवतेय, तर अमेरिकेत हॉस्पिटलच्या टीमसाठी टीमस्टेप्स नावाचं ट्रेनिंग आहे, त्यात सी-यू-एस शिकवतात, कन्सर्न्ड, अनकम्फर्टेबल, सेफ्टी, म्हणजे आधी म्हणायचं मला काळजी वाटतेय, मग म्हणायचं मला हे ठीक वाटत नाहीये, आणि तरी ऐकलं नाही तर म्हणायचं की हा सेफ्टीचा प्रश्न आहे, थांबा. समोर सीनियर डॉक्टर असला तरी. आता मला सांगा, जी मुलगी तीन वर्षं बरोबरीच्या मैत्रिणीला "जरा हळू" म्हणू शकली नाही ती रात्री दोन वाजता सर्जनला थांबा म्हणेल का? एखादी म्हणेलही, पण मी तरी तिच्या भरवशावर राहणार नाही.

वेळ झालीये ना? एक चिठ्ठी आलीये, तेवढी घेते. "मॅडम, बोलणारी माझी रूममेटच आहे, सांगितलं तर रूमवर राहणं अवघड होईल." हं. खरंय, तिच्याबरोबर रोज राहायचंय. तर असं कर, लेक्चरच्या आधी सांग, नंतर नको, कारण आधी सांगितलं तर ती रिक्वेस्ट असते आणि नंतर सांगितलं तर तक्रार होते. सकाळी निघताना म्हण, "आज मी पुढे बसतेय, मला ड्रिपची गणितं जमत नाहीयेत, येतेस का बरोबर?" कदाचित ती येईल. बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना काही समजत नसतं म्हणून त्या बोलत असतात, मलाही ती गणितं येत नव्हती.