नाकावरचा छोटा मास्क

(दृश्य : दातांचा दवाखाना. खुर्चीत पाच वर्षांची मुलगी, दोन्ही हात तोंडावर.)

तोंड उघडायचंच नाही, असं हिनं ठरवून टाकलंय. खालची दाढ किडलीय, रात्री ठणकते. आजी म्हणते, दुधाची दाढ, पडेलच की! पण ही दाढ पडायला दहावं-अकरावं वर्ष उजाडतं. तोवर ठणका सोसायचा कसा?

डॉक्टर लगेच औषधाकडे वळत नाहीत. फिरणारा ब्रश आधी तिच्या नखावर टेकवतात. गुदगुल्या होतात. सांगायचं, दाखवायचं, मगच करायचं. बऱ्याच मुलांचं एवढ्यावर भागतं.

हिचं भागत नाही.

(दृश्य : नाकावर बसवलेला छोटा मास्क, बाजूला गॅसचं मशीन.)

हा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस. आधी नुसता ऑक्सिजन, मग त्यात हळूहळू गॅस, सहसा निम्म्यापेक्षा जास्त नाही. काही मिनिटांत मुठी सैल पडतात. नाव ऐकून पोर खदखदून हसेल असं वाटतं, पण ही नुसती छताकडे बघत बसलीय. झोपलेली नाही. 'आ कर' म्हटलं की आ करते. दाढ बधिर करायची सुई तरीही द्यावीच लागते. गॅसनं जाते ती मुख्यतः भीती. शेवटी पाचेक मिनिटं पुन्हा नुसता ऑक्सिजन, आणि बाई चालत घरी!

दातांच्या कामात हा गॅस जुनाच. डिसेंबर 1844 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला होरेस वेल्स या दंतवैद्यानं लोकांना गॅस हुंगवून दाखवायच्या एका खेळात पाहिलं, की गॅस घेतलेल्या माणसाच्या पायाला लागलं तरी त्याला पत्ता नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं गॅस घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली.

नाक चोंदलं असेल तर मात्र गॅस कुचकामी. मग मिडाझोलमसारखं गुंगीचं औषध, वजनाप्रमाणे मोजून, तोंडावाटे. अर्ध्या तासात मूल पेंगुळतं; एखादं उलट जास्तच चिडतं. इथं पालकांनी एक प्रश्न बेधडक विचारावा : तुम्ही दातात गुंतलेले असताना हिच्या श्वासाकडे कोण बघणार?

(दृश्य : हॉस्पिटल, सकाळचे सात. आईच्या कडेवर अडीच वर्षांचा मुलगा.)

रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपायची सवय. आठ दात किडलेत. इतक्या लहान मुलाचं एवढं काम पूर्ण भूल देऊनच होतं, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. त्याआधी सहा तास खाणं आणि वरचं दूध बंद, दोन तास पाणीही नाही. भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं, तर जिवावर बेतू शकतं.

सिस्टर विचारतात, सकाळपासून काही दिलंत? आई नाही म्हणून मान हलवते. मुलगा आजीच्या पिशवीकडे बोट दाखवतो.

"बिक्कीट."

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी.