हप्ते बांधून घेतलेली माणसं

(दृश्य: अमळनेर-पारोळा रस्ता, दोन्ही बाजूला कापूस, वेचणीच्या बाया)

कापसाचा पहिला वेचा घरात येतोय. दसऱ्यापासून पुढे दोन-तीन महिने, गावात पैसा फिरतो तो याच दिवसांत. तिकडे रावेर-यावलकडे केळीवाल्यांचं गणित वेगळं, पण इकडे बोरीच्या पट्ट्यात कोरडवाहू माणसाचं वर्षभराचं उत्पन्न साधारण आत्ताच येतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला, काहींचा पंधरा दिवसांनी, काहींचा तर दर आठवड्याला. फायनान्सवाल्याला चैत्र काय नि कार्तिक काय.

ज्या गावात हे शूटिंग केलं त्याचं नाव सांगणार नाही, चेहरेही दिसणार नाहीत, तसं आधीच ठरलं होतं. इकडे माणूस दुखणं सांगेल, भाऊबंदकीची कोर्टकेस सांगेल, पण डोक्यावर किती कर्ज आहे हे कधीकधी बायकोलाही माहीत नसतं.

(दृश्य: ओटा, बाहेर काढलेल्या चपला, चहाचे कप)

या ओट्यावर पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी रात्री जेवणं झाली की दहा-बारा माणसं बसतात. बाया जास्त. पुरुष येतात ते पहिल्यांदा "हिला सोडायला आलो" असं म्हणत येतात आणि मग ओट्याच्या कडेला उभे राहून सगळं ऐकतात, तिसऱ्या-चौथ्या वेळी खाली बसतात. सगळ्यांचं एकच समान आहे, सगळ्यांनी हप्ते बांधून घेतलेत. म्हणजे बँकेत, पतसंस्थेत, फायनान्सच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की पूर्ण हप्ता झेपत नाही, इतका झेपेल, मुदत वाढवून द्या, आणि ते लिहून घेतलं.

इंग्लंडमध्ये यासाठी डेट मॅनेजमेंट प्लॅन असतो, एक संस्था मधे बसते, माणूस महिन्याला झेपेल तेवढी एकच रक्कम तिला देतो आणि ती सगळ्या घेणेकऱ्यांत वाटते. तिथेही घेणेकरी नाही म्हणू शकतो, कायद्याने तो बांधलेला नसतोच. आपल्याकडे बँक ऑफ इंडियाने २००६ साली मुंबईत 'अभय' नावाचं सल्ला केंद्र काढलं होतं, पुढे बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं आली, तिथे सल्ला फुकट मिळतो, जरूर जा. पण गावची विकास सोसायटी, पतसंस्था, दोन फायनान्स आणि एक मोबाईल ॲप अशा पाच जणांना एका टेबलावर बसवणारं तालुक्याच्या गावात सहसा कुणी सापडत नाही, ते ज्याचं त्यालाच एकेका दारात जाऊन करावं लागतं.

आणि खरा त्रास ते झाल्यावर सुरू होतो.

(दृश्य: शिलाई मशीन, हात, कापडाचे तुकडे)

या ताई ब्लाऊज शिवतात. नवरा सुरतला उधन्यात कापडाच्या कामाला होता, लॉकडाऊनमध्ये परत आला तो इथेच राहिला. घरात महिन्याला १४ हजार येत होते आणि सगळे हप्ते मिळून साडेसतरा हजार होत होते, त्यात पोत गहाण पडलेली ती वेगळीच. वरचे साडेतीन हजार नि घरखर्च कुठून यायचा, तर दुसऱ्या कर्जातून. हे दोन वर्षं चाललं. मग त्यांनी हप्ते बांधून घेतले, शाखेतल्या साहेबांनी हो म्हटलं, ताई घरी आल्या, त्या रात्री म्हणे पहिल्यांदा नीट झोपल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन.

कारण काय, तर शाखेतल्या साहेबाने हो म्हटलं तरी फोन करणारी एजन्सी वेगळी असते, तिच्या कॉम्प्युटरवर अजून जुनंच थकीत दिसत असतं. ताईंना वाटलं आपल्याला फसवलं. असं वाटलेला माणूस बांधलेला हप्तापण भरायचा सोडून देतो, किंवा घाबरून ॲपवरून पाच हजार उचलतो नि मागचं भरून मोकळा होतो. पहिले तीन-चार महिने हेच चालतं. ओट्यावरची बैठक मुख्य त्या तीन-चार महिन्यांसाठीच आहे.

त्यांना तिथे कुणीतरी विचारलं, पोच घेतली का? अर्ज दिला पण पोच नाही. दुसऱ्या दिवशी एक जण सोबत गेली, अर्जाची दुसरी प्रत, त्यावर शिक्का, तारीख, सही. फोटो मोबाईलमध्ये. त्यानंतर फोन आला की एवढंच सांगायचं, अमुक तारखेला अर्ज दिलाय, पोच आहे, शाखेत विचारा. फोन एकदम नाही थांबले, पण ताईंचा हात कापायचा थांबला, हे त्यांचेच शब्द.

(दृश्य: गावातला रस्ता, बाया एका घरासमोर जमलेल्या, पाठमोऱ्या)

आता इथे एक गोष्ट नीट सांगावी लागेल. याच बाया आधी पण एकत्र बसायच्या. ग्रुप लोनसाठी. गावात त्याला सगळे बचत गटाचं कर्जच म्हणतात, पण माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांचा जो बचत गट असतो, स्वतःची बचत, स्वतःचं अंतर्गत कर्ज, व्याज गटातच राहतं, ते हे नाही. हे कंपनीचं कर्ज. पाच-सात जणींचा ग्रुप, एकमेकींची जबाबदारी, सेंटर मीटिंग म्हणजे हप्ते गोळा करायची बैठक, आणि एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांनी वर्गणी काढून भरायचा, तोवर मीटिंग उठत नाही. तारण काही नसतं, तारण म्हणजे शेजारीण. मग जिच्याबरोबर वीस वर्षं पापड-बिबड्या केल्या तीच दारात येऊन ओरडते, आणि तिचीही चूक नाही, तिच्या घरातून ५०० रुपये जाताहेत.

एकमेकींची साथ म्हणून जे सुरू झालं त्याची वसुली झाली. ओट्यावरच्या बैठकीने ते मुद्दाम उलटं केलंय. इथे कुणी कुणाला उसने द्यायचे नाहीत, दहा रुपयेसुद्धा नाही. जामीन राहायचं नाही. कुणाचा हप्ता दुसऱ्याने नेऊन भरायचा नाही, पैशाला हातच लावायचा नाही. आणि कुणी हप्ता चुकवला तर त्याला बोलायचं नाही, फक्त विचारायचं की पुढचा कसा भरशील. मला सुरुवातीला हे जरा कोरडं वाटलं, म्हणजे माणूस अडलाय नि हजार रुपये द्यायला काय हरकत, पण दोन बैठका बघितल्यावर पटलं, पैसा मधे आला की या ओट्यावरच परत सेंटर मीटिंग होईल.

(दृश्य: शाळेची वही, पेनाने आखलेले रकाने)

नवीन माणूस आला की त्याला वही देतात. पहिला प्रश्न अहिराणीतच येतो, "तुले कितलं देनं शे?" आणि बहुतेकांना सांगताच येत नाही. म्हणून बठ्ठं, म्हणजे सगळं, लिहायचं. कोणाचं, किती उरलंय, व्याज काय, तारण काय, जामीन कोण. सोनाराकडचं, मेहुण्याकडचं, किराणा दुकानाची उधारी, लाईटबिल. पोत किंवा शेत गहाण असलेलं वर, विनातारण खाली.

सोसायटीच्या पीककर्जापाशी सगळे अडतात. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तर महाराष्ट्रात ते शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं, म्हणून मार्च आला की नवं-जुनं करायचं. सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवीन कर्ज निघालं की सावकाराचे परत. मधे नवीन कर्ज लांबलं की सावकाराचे दहा दिवस दोन महिने होतात नि शून्य टक्क्याची काय किंमत पडली ते वहीत लिहिल्यावर दिसतं. विनापरवाना सावकारी असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, जमीन लिहून घेतली असेल तरी. तक्रार करणारे मात्र कमी, सावकार गावातलाच असतो ना, बहुतेक वेळा नात्यातला.

आणि मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पोरगी माहेरी येणार, खापरावरची पुरणपोळी होणार, साडी घ्यावी लागणार. श्रावणात कानबाई या देवीचा सण. ज्यांनी कागदावर एकदम कडक बजेट मांडलं, सणाला शून्य, त्यांचं वेळापत्रक वैशाखातच मोडलं. म्हणून इथे जुनी माणसं नवीन माणसाला आधी आखाजीचे पैसे लिहायला लावतात आणि मग हप्ता किती झेपतो ते बघतात, बँकवाला असं कधीच सांगणार नाही. लग्नातल्या आहेरावर तर एकदा पूर्ण बैठक गेली, निर्णय काही झाला नाही.

(दृश्य: एक तरुण, चेहरा अंधारात, समोर दोन बाया खुर्चीवर)

हा पोरगा आधी फायनान्समध्ये वसुलीला होता. टार्गेट, रोजचा रिपोर्ट, बाईकचं पेट्रोल स्वतःचं, मग बाईकचंच कर्ज थकलं नि तो इकडे आला. बैठकीत तो वसुलीवाला होतो आणि समोरच्याने उत्तर द्यायचं. तो खरोखर तसाच बोलतो, आवाज चढवतो, "ताई, शेजारच्या बायांना बोलवू का?" पहिल्या वेळी एक जण रडलीच. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, "भाऊ, या महिनामा इतलंच व्हई, बाकीनं अर्जमा लिखेल शे." सगळे हसले, तो पोरगापण.

नियम त्यालाच जास्त माहिती आहेत. २०२२ पासून मायक्रोफायनान्सच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचे नियम असे, की वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी नि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही, बाकीच्या कर्जांना ८ ते ७. हप्ता ठरलेल्या जागी घ्यायचा, माणूस लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथे आला नाही तरच घरी यायचं. धमकी, शिवीगाळ नाही, नातेवाईकांना-शेजाऱ्यांना त्रास नाही. कर्ज देतानाच घरातले सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जायला नकोत, आता ते कसे गेले, तर फॉर्मवर उत्पन्न वाढवून लिहिलं की आपोआप बसतं. कर्जाच्या ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट नि फोटो उघडायचे नसतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, चौकशीचा नंबर १४४४८.

(दृश्य: रात्र, मोबाईलचा उजेड)

रात्रीचे फोन वेगळे. एक दादा बैठकीत काहीच बोलला नाही नि रात्री अकराला त्याने एकाला मेसेज टाकला, सगळं संपवून टाकावं वाटतंय. ज्याला आला तो चप्पल घालून तसाच निघाला, जाताना दुसऱ्याला उठवलं. रात्रभर सोबत बसले, कीटकनाशकाचा डबा खळ्यातून उचलून दुसरीकडे नेला, सकाळी टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावला, फुकट असतो, मराठीत बोलतात, मग तालुक्याला डॉक्टरकडे. कर्जाबद्दल त्या रात्री कुणी एक शब्द काढला नाही. दादा आता येतो. अजूनही कमीच बोलतो.

सगळं चांगलंच चाललंय असं नाही. एकदा ओट्यावरचं बोलणं बाहेर गेलं आणि एका घरातली सोयरिक मोडता मोडता राहिली. तेव्हापासून काही जण मुद्दाम दुसऱ्या गावातून इथे येतात, नि इथले एक-दोन जण तिकडे जातात, आपल्या गावात नको. काही जण कर्जमाफी येणार म्हणून हप्ता भरायचा थांबले. २०१७ ची आणि २०१९ ची दोन्ही माफी शेतीकर्जाची, मुख्यतः पीककर्जाची होती, ग्रुप लोन, सोनं तारण, ॲप यातलं काही त्यात नव्हतं, हे सांगून सांगून थकले लोक. आणि एक जण तर "कर्जमुक्त करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला आधी फी देऊन बसला, हप्ते बंद ठेवा असं त्याने सांगितलं होतं, फी गेली, दंड चढला.

(दृश्य: ताई, हातात कागद)

ब्लाऊजवाल्या ताईंचं एक कर्ज पूर्ण फिटलं. त्यांना कंपनीने मधे सेटलमेंट देऊ केली होती, कमी पैशात मिटवा म्हणून, पण मग सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा राहतो, पुढे सोसायटीत, बँकेत तो आडवा येतो, म्हणून त्यांनी वेळ लागला तरी पूर्ण भरलं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सेटलमेंट घ्यावी, त्यात लाज नाही असंही याच ओट्यावर सांगतात, माणसागणिक सल्ला बदलतो. नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं उरलं नाही असा, कागद मिळाला. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो तो काढला, तर त्यात कर्ज अजून चालूच. आता दुरुस्तीचा अर्ज गेलाय, ३० दिवसांत दुरुस्त नाही झालं तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई द्यावी लागते असा नियम आहे, ताई कॅलेंडरवर तारीख गोल करून बसल्यात.

सोमवारी त्या एका नवीन बाईबरोबर शाखेत चालल्यात. ती विचारत होती, साहेबासमोर मी काय बोलू, तुम्हीच बोला ना आक्का. ताईंनी वही तिच्या हातात दिली, "तू बोलशी, मी बाजूले बठसू." दहाची एसटी आहे.