मास्क नाकावर येईपर्यंत

(दृश्य: रिकामी खोली. छताला टांगलेला कापडी झोका.)

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका गल्लीतलं हे थेरपी केंद्र. हा झोका मार्च 2020 मध्ये थांबला. 11 तारखेला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि 25 पासून अख्खा देश बंद झाला. मोठ्यांना बातम्यांमधून कळलं. पण ज्याचा सगळा दिवस ठरलेल्या व्हॅनवर आणि दप्तर अडकवायच्या ठरलेल्या खुंटीवर उभा आहे, त्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला हे कसं सांगायचं?

(दृश्य: एका आईनं फोनवर घेतलेला व्हिडिओ.)

सकाळचे साडेनऊ. मुलगा बूट घालून दाराशी उभा आहे. आईचा आवाज येतो, "ताई, हा कधीचा उभा आहे. व्हॅनची वाट पाहून राहिला."

त्या रात्री केंद्रात थेरपी देणाऱ्या ताईंनी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली. व्हॅन, तिच्यावर लाल फुली. शेजारी घर, ताट, फोनमध्ये ताई. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेले आणि घरोघरी आयांनी ती चित्रं हातानं उतरवून भिंतीवर लावली.

(दृश्य: चादरीचा झोळा, तांदळाचा डबा, कणीक.)

केंद्रातली साधनं कुलपात अडकली, तेव्हा घरंच धुंडाळली. आई-बाबांनी दोन टोकं धरली की चादरीचा झोका होतो. पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरून या खोलीतून त्या खोलीत नेली की अंगावर, सांध्यांवर दाब येतो आणि बरीच मुलं शांत होतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. कूलर लावला तर फोनवरचा ताईंचा आवाज ऐकू येईना, बंद केला तर मूल बसेना. मग थेरपी सकाळी सहाला सुरू झाली.

(दृश्य: टेबलावर निळा मास्क. लहान बोटं.)

सगळ्यात लांबलं ते मास्कचं शिक्षण. पहिल्या दिवशी मास्क फक्त टेबलावर. मग बाहुलीच्या तोंडावर. मग मुलाच्या हाताला, गालाला. नाकावर आला तो एक आकडा मोजेपर्यंत, आणि लगेच काढला. दुसऱ्या दिवशी दोन आकडे. कानामागचा इलॅस्टिक काहींना सहनच होईना, म्हणून टोपीला दोन बटणं शिवली आणि दोरी त्यांत अडकवली. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंची अडचण निराळी होती. मुलं त्यांचे ओठ पाहून बोलायला शिकतात. त्यांनी मास्कला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवली. तिच्यावर वाफ धरायची, तर आतून साबणाचा हात फिरवला.

(दृश्य: हजेरीपट, मोकळे रकाने.)

फी थांबली, पगार निम्मे झाले, दोघींनी काम सोडलं. काही मुलांचे शिकलेले शब्द गेले.

2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. तरी साथीत औषधाचं दुकान उघडं होतं आणि ही खोली बंद. पुढच्या वेळी थेरपी अत्यावश्यक सेवांमध्ये धरा, हे इथली प्रत्येक ताई सांगते. आमचंही तेच मागणं आहे.

(दृश्य: आजचं केंद्र. झोका हलतोय.)

कपाटात मास्कचा डबा अजून आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो निघतो. सगळे गोल बसतात, मास्क नाकावर, ताई मोजतात. वीस झाले की काढायचा.