तांब्यापितळेवर कोरलेली नावे

(दृश्य: पायधुनीजवळचा तांबाकाटा. सकाळची वेळ. दुकानाच्या आतल्या अंगाला मोडीत आलेल्या भांड्यांची रास.)

मुंबईत पायधुनीजवळ तांबाकाटा नावाचा भांड्यांचा जुना बाजार आहे. नव्या भांड्यांच्या चकचकीत उतरंडीमागे मोडीत आलेल्या तांब्यापितळेची रास पडलेली असते. ही भांडी वजनावर घेतली आणि विकली जातात, तरी त्यांच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली नावे अजून वाचता येतात. एका परातीवर ‘सौ. यमुना’ आहे, एका डब्यावर ‘गोदूबाई’, तर एका तपेल्यावर गुजराती लिपीत ‘खोरशेद’. ज्या काळी बहुतेक बायकांच्या नावावर घर नसे आणि जमीनही नसे, त्या काळी बाईचे नाव ठळकपणे उमटे ते तिच्या भांड्यांवर. म्हणून नावांची ही गोष्ट इथून सुरू करावीशी वाटली.

मुलीचे नाव तिने मागितलेले नसते. बाराव्या दिवशी ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या खालून-वरून हातोहात फिरते, आत्या त्याच्या कानाशी वाकून नाव सांगते, आणि भोवतीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. घराने त्या लेकीत काय पाहिले, तिच्यासाठी काय मागितले आणि कशाची धास्ती घेतली, ते सगळे त्या घटकेला दोन-तीन अक्षरांत बसते. त्यामुळे नावाचा अर्थ लावताना कोश तर उघडावा लागतोच, पण नाव ठेवणाऱ्यांकडेही पाहावे लागते.

(दृश्य: मरीन ड्राइव्ह, रात्र. समुद्रावरचे आकाश.)

मरीन ड्राइव्हवरच्या कृष्ण महाल या इमारतीत गायिका आणि अभिनेत्री सुरैया राहत असत. ‘सुरैया’ हे आकाशातल्या एका तारकापुंजाचे अरबी नाव आहे. त्याच पुंजाला फारसीत ‘परवीन’ म्हणतात आणि आपण त्याला ‘कृत्तिका’ म्हणतो. कार्तिकात दिवेलागणीनंतर पूर्वेला तो झुबका वर येताना दिसतो. ग्रीक कथेत हे तारे ॲटलासच्या सात मुली आहेत. आपल्या पुराणांत त्या कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा माता आहेत, आणि त्यांच्यावरूनच त्याला ते नाव पडले. एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसांना या ताऱ्यांत बायकाच दिसल्या, याचे मला फार अप्रूप वाटते. डोंगरीतली परवीन, माहीमची सुरैया आणि दादरची कृत्तिका एकाच शाळेत, एकाच बाकावर बसत असतील, तर त्या तिघींना एकच नाव आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

‘तारा’ या नावाचा प्रवास तर भाषेच्या मुळापर्यंत जातो. ऋग्वेदात ताऱ्यांसाठी ‘स्तृ’ हा शब्द येतो. संस्कृतातला ‘तारा’, फारसीतला ‘सितारा’ आणि लॅटिनमधला ‘स्टेला’ हे सगळे त्याच कुळातले शब्द आहेत. त्यामुळे गिरगावातली ताराबाई, नागपाड्यातली सितारा आणि वांद्र्याची स्टेला या नात्याने एकमेकींच्या दूरच्या बहिणी ठरतात. फुलांच्या नावांतही असेच होते. ‘यास्मिन’ या फारसी नावाचे फूल आणि आपली जाई-जुई वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ‘जॅस्मिनम’ या एकाच गटात मोडतात. ‘सुझन’ हे नाव हिब्रूतल्या ‘शोशन्ना’वरून, म्हणजे लिलीच्या फुलावरून आले आहे, आणि ‘मार्गारेट’चा ग्रीक अर्थ मोती. आपल्या ‘मुक्ता’चाही एक अर्थ मोती आहे. मात्र ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीचे नाव उच्चारताना कुणाच्याही मनात दागिना येत नाही. निवृत्ती, ज्ञान, सोपान आणि शेवटी मुक्ती असा तो क्रम लागतो, आणि कोशातला मोती तिथे आपोआप मागे पडतो.

शास्त्रकारांनी मुलींच्या नावांसाठी नियमही घालून दिले होते. मुलीचे नाव उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे सांगितले आहे. आपल्या आयाबायांनी पहिला नियम सांभाळला आणि दुसऱ्याकडे साफ दुर्लक्ष केले. रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, गोदावरी, कृष्णा, भीमा ही नावे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवली, आणि माझ्या मते फार चांगले केले.

शेवटच्या दीर्घ स्वराची गोष्ट आपल्यापुरती नाही. लॅटिनमधली ज्यूलिया आणि कॉर्नेलिया, हिब्रूतली सारा आणि हन्ना, अरबीतली फातिमा आणि अमीना या साऱ्याजणी आपल्या कानाला ‘आ’वरच थांबतात. फारसी मात्र वेगळी आहे. त्या भाषेच्या व्याकरणात लिंगभेदच नाही, म्हणून शिरीन, परवीन आणि नसरीन व्यंजनावर थांबतात, आणि ‘रोशन’ हे नाव पारशी घरात मुलालाही शोभते आणि मुलीलाही. तांबाकाट्यातल्या तपेल्यावरची ‘खोरशेद’ म्हणजे सूर्य. आपल्याकडे सूर्य पुरुष आहे. पारशी बायकांनी तो निःशंकपणे स्वतःच्या नावात घेतला.

प्राचीन रोमचे उदाहरण इथे सांगायलाच हवे. रोमन मुलीला बहुधा स्वतःचे असे वेगळे नावच नसे, आणि वडिलांच्या कुळनामाचे स्त्रीलिंगी रूप हेच तिचे नाव होई. ज्युलियस सीझरला दोन बहिणी होत्या, आणि दोघींचे नाव ज्यूलिया होते. बहिणी अनेक असल्या की त्यांना थोरली, धाकटी, तिसरी असे म्हणून ओळखत. आज आपल्याला भारदस्त वाटणारे ते नाव म्हणजे मुळात ही अमुक घराण्याची, एवढी खूण होती.

(दृश्य: आरे वसाहतीतला एक पाडा. पहाट.)

आपल्याकडे वारली आणि इतर आदिवासी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांत सोमी, मंगळी, बुधी, शुक्री अशी नावे सापडतात. मूल ज्या वारी जन्मले, तो वार त्याचे नाव होई. आफ्रिकेत घानामधल्या अकान लोकांत हीच रीत आहे. सोमवारची मुलगी अद्वोआ, बुधवारची अकुआ, शनिवारची आमा. शहरी माणसाला अशी नावे साधी वाटतात, पण त्यांत एक मोठी गोष्ट आहे. मुलीच्या जन्माचा दिवस कुणीतरी लक्षात ठेवला आहे.

कारण मुलगी जन्मल्याचे दुःख ज्यांत गोठले आहे, अशीही नावे याच महाराष्ट्रात ठेवली गेली. ‘नकोशी’, ‘नकुसा’. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना एका समारंभात नवी नावे देण्यात आली. ही व्यथा फक्त आपलीच असती, तर एखाद्या भागाचा दोष म्हणून सोडून देता आली असती. पण तमिळनाडूत काही घरांत ‘वेंडाम’, म्हणजे ‘नको’, हे नाव मिळते. हरियाणात ‘भतेरी’ मिळते, म्हणजे ‘झाल्या तेवढ्या पुष्कळ’. चीनमध्ये ‘चाओदी’ म्हणजे ‘धाकट्या भावाला बोलावून आणणारी’, आणि कोरियात मागच्या पिढीत ‘मल्जा’, म्हणजे ‘शेवटची’. भाषा निराळ्या, लिपी निराळ्या, आणि दारात उभी असलेली निराशा एकच. चाओदीला हाक मारताना तिच्या घरचे खरे तर एका न जन्मलेल्या मुलाला हाक मारत असतात, आणि ती मुलगी ‘ओ’ देते.

इथे एक फरक जपून करायला हवा. जुन्या मराठी घरांत धोंडी, दगडी, भिकी अशीही नावे आढळतात, आणि वरवर पाहता तीही मुलीचा अनादर करणारीच वाटतात. पण ज्या आईची आधीची लेकरे गेलेली असत, ती पुढच्या लेकराला मुद्दाम असे ओबडधोबड नाव ठेवी, की मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये आणि लेकरू दगडासारखे टिकावे. ‘नकोशी’त तिरस्कार आहे. ‘धोंडी’त जीव मुठीत धरून केलेली माया आहे. दोन्ही नावे कुरूपच, पण कोशाला हा फरक सांगता येत नाही.

हीच धास्ती इतर संस्कृतींत उघड आशीर्वाद होऊन येते. ‘आयेशा’ म्हणजे जगणारी. ग्रीक ‘झोई’ म्हणजे जीवन. हिब्रू परंपरेत पहिल्या स्त्रीचे नाव ‘हव्वा’, आणि तोही शब्द जगण्याशीच जोडलेला आहे. ‘खदीजा’ म्हणजे दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेली, तर ‘फातिमा’ या नावाचा संबंध बाळाचे दूध तोडण्याशी आहे. आज ही नावे आपण आदराने, श्रद्धेने ऐकतो. त्यांच्या मुळाशी मात्र बाळंतिणीची खोली आहे.

वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरीला कोळी आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, बायका ‘मोतमावली’ म्हणतात, आणि सप्टेंबरात तिची जत्रा भरते. मिरियम, मरियम, मारिया, मेरी ही एकाच नावाची रूपे आहेत. पोर्तुगीज आणि स्पॅनिश घरांत तर या मातेच्या बिरुदांवरूनही मुलींची नावे पडली. ‘डोलोरेस’ म्हणजे दुःखे, ‘मर्सिडीज’ म्हणजे कृपा. १९०२ साली एका मोटारीचे व्यापारचिन्ह म्हणून जे नाव नोंदवले गेले, ते एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीचे होते. मुंबईच्या रस्त्यांवर ते नाव आज सारखे कानावर पडते, पण ते एका लहान मुलीचे होते हे बहुतेकांच्या गावीही नसते.

(दृश्य: पितळी ताटात पसरलेले तांदूळ. अंगठी धरलेला हात.)

बारशाला मिळालेले नाव मराठी मुलीच्या वाट्याला जन्मभर येईलच, अशी खात्री नव्हती. लग्न लागून वधू सासरी आली की ताटात तांदूळ पसरत, आणि नवरा मुलगा सोन्याच्या अंगठीने त्यांत तिचे नवे नाव लिही. सगळ्यांनी ते वाचले की ती त्या नावाची झाली. कल्याणच्या यमुनेची अशीच आनंदी झाली, आणि १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेऊन ती डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून इतिहासात गेली. कुर्लेकरांची यमुना १८७३ साली लग्न होऊन रमाबाई रानडे झाली. काशीची मणिकर्णिका झाशीला येऊन लक्ष्मीबाई झाली. मणिकर्णिका म्हणजे कानातले रत्न, आणि गंगेच्या एका घाटाचेही ते नाव. या स्त्रियांचे कर्तृत्व त्यांच्या दुसऱ्या नावाने आपल्याला ठाऊक आहे, आणि पहिल्या नावाची मुलगी मात्र चरित्राच्या पहिल्याच पानावर राहून जाते.

ज्यूंच्या कथेतल्या एस्तेर राणीचेही असेच झाले होते. बायबलमध्ये तिचे मूळ हिब्रू नाव ‘हदस्सा’ दिले आहे, आणि ते एका सुगंधी झुडपाचे नाव आहे. इराणच्या राजवाड्यात मात्र ती एस्तेर होती. मांडवीत १७९६ साली बेने इस्रायलींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, उभारलेले ‘शार हराहमीम’ हे मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग आजही आहे. पुरीमच्या सणाला ज्यू समाजात एस्तेरची पोथी वाचतात, म्हणजे हदस्सा हे नावही वर्षातून एकदा तरी उच्चारले जाते.

या शहराच्या चित्रपटसृष्टीने तर बायकांना नवी नावे देण्याचा परिपाठच पाडला. रुबी मायर्स पडद्यावर ‘सुलोचना’ झाल्या, म्हणजे सुंदर डोळ्यांची. महजबीन बानो, म्हणजे चंद्रासारख्या कपाळाची, मीना कुमारी झाल्या. मुमताज जहान मधुबाला झाल्या. यातली काही नावे मनापासून स्वीकारलेली असतील, काही सोयीची. पण अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर ‘महजबीन’सारखे चित्रमय नाव बाजूला ठेवायला लागणे, ही हानीच होती.

(दृश्य: स्वयंपाकघरातली फळी. एक पितळी डबा जवळून.)

हा डबा माझ्या आजीचा. झाकणावर ठळक अक्षरांत ‘सौ.’ आणि तिचे सासरचे नाव आहे, त्याच नावाने आम्ही तिला ओळखले. ती गेल्यानंतर डबा चिंचेने घासायला घेतला, तेव्हा बुडाशी, काळपट थराखाली, चार बारीक अक्षरे दिसली. ते तिचे माहेरचे नाव होते. लग्नात डबा देताना तिच्या आईने ते घातले असावे. साठ वर्षे तो डबा फळीवर उभा होता, त्यामुळे ती अक्षरे रोज खालीच टेकलेली होती. घरात कुणीही त्या नावाने तिला कधी हाक मारली नव्हती.

(दृश्य: प्रसूतिगृह. बाळाच्या मनगटावरची पट्टी.)

मुंबईतल्या प्रसूतिगृहात मूल जन्मले की त्याच्या मनगटावर पट्टी बांधतात, आणि बाळाला अजून नाव नसल्यामुळे तिच्यावर आईचे नाव असते. जन्माची नोंद नावाशिवायही करता येते, आणि नाव नंतर घालायला कायद्याने मुभा आहे. पूर्वी घरी येऊन बारसे झाले की कागदावर मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव येई, आणि मनगटावरच्या पट्टीवरचे नाव तिथेच मागे राही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींच्या शासकीय कागदपत्रांत आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम लागतो. त्या दिवशी जन्मलेल्या मुली आता शाळेच्या उंबरठ्याकडे निघाल्या आहेत. हजेरी घेताना बाई पूर्ण नाव वाचतील, तेव्हा यमुना, खोरशेद, मरियम किंवा बुधी, जी कुणी तिची आई असेल, तिचे नाव वर्गात मोठ्याने ऐकू येईल.