सही करण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते उतारवयातल्या घटस्फोटाबद्दल, आणि मुख्यतः पन्नाशी-साठीतल्या माझ्या मैत्रिणींशी, पण त्यांच्या लेकीसुनांनीही ऐकावं.

इथे इंदूरच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली करते. मागच्या उन्हाळ्यात रामबागेतल्या एक काकू माझ्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात अडतीस वर्षांच्या संसाराचे कागद: लग्नपत्रिका, सराफ्यातली पाटल्यांची पिवळी पडलेली पावती, मुलांची लसीकरणाची कार्डं. सगळ्यात वर एक करकरीत स्टॅम्प पेपर. त्यावर हिंदीत टाइप केलेलं होतं की तीन लाख रुपये मिळाल्यावर भरण-पोषण, जेवर आणि मकान, म्हणजे पोटगी, दागिने आणि घर, यांवर माझा कोणताही दावा राहणार नाही. खाली सहीची जागा रिकामी.

काकू म्हणाल्या, "करून टाकू का सही? या वयात कुठे कोर्टकचेऱ्या करत बसायच्या!"

मी आधी चहा मागवला.

खूप जणींना वाटतं की घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेतलं अर्धं आपलं. तसं नाही. गोव्यात नवराबायकोच्या मालमत्तेची भागीदारी कायद्यानंच धरलेली आहे, पण आपल्याकडे मध्य प्रदेशात फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचा. अडतीस वर्षं ज्या बाईनं त्या घरात स्वयंपाक केला, सासूचं आजारपण काढलं, तिच्या कष्टांना मालकीच्या कागदावर जागा नाही. मला हा अन्याय वाटतो आणि मी तो उघड बोलते. पण म्हणून हाती काहीच नाही, असंही नाही.

पहिलं स्त्रीधन. लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेले दागिने, भेटी तुमच्याच, मग ते सासूबाईंच्या कपाटात असोत की नवऱ्याच्या लॉकरमध्ये. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगितलंय की ते परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. त्या पिवळ्या पावतीला म्हणून किंमत आहे.

दुसरी पोटगी. आणि इथे आपल्या इंदूरचीच गोष्ट सांगायला हवी. शाहबानो बेगम यांचं लग्न १९३२ चं. तेचाळीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना घराबाहेर काढलं. नवरा वकील. १९७८ साली त्यांनी महिना ५०० रुपये मागितले. तेव्हा कायद्यातली कमाल मर्यादाच तेवढी होती. इथल्या मॅजिस्ट्रेटनं दिले महिन्याला २५ रुपये. उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. पुढचं राजकारण सगळ्यांना आठवतं. मला ते २५ रुपये आठवतात. साठी ओलांडलेल्या बाईचा महिना!

५०० रुपयांची ती मर्यादा २००१ साली गेली. पोटगीचं तेच कलम आता नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १४४ क्रमांकानं आहे. शिवाय हिंदू विवाह कायद्याखाली खटला चालू असताना अंतरिम आणि निकालाच्या वेळी किंवा नंतरही कायमची पोटगी मागता येते. संसार किती वर्षांचा, नवऱ्याची मिळकत काय, बाईचं वय आणि तब्येत, तिनं घरासाठी नोकरी सोडली का, हे सगळं कोर्ट बघतं. २०२० पासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. तेव्हा अर्ज लांबवू नका.

हे शपथपत्र भरताना काकूंनी काय केलं, सांगते. घरखर्च पै न् पै तोंडपाठ. पण स्वतःच्या खर्चाच्या रकान्यात त्यांनी शून्य घातलं. "मला काय लागतं हो?" मग आम्ही दोघी बसलो. बीपीची गोळी, रोज एक. गुडघ्याचं मलम. मोतीबिंदूनंतरचा चष्मा. मोबाइलचा रिचार्ज. दवाखान्यात जायची रिक्षा. लेकीकडे जायचं तिकीट त्या लिहू देईनात. ते मी लिहिलं. पान भरलं तेव्हा त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.

घराचं काय? लग्न टिकून आहे तोवर, घर नावावर नसलं तरी कायदेशीर मार्गाशिवाय तुम्हाला तिथून काढता येत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की हे संरक्षण फार दुबळं होतं. म्हणून राहायचं कुठे, हे आधी लेखी ठरवून घ्या. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे. वेगळी राहणारी पत्नी, मृत्युपत्रानं डावललं नसेल तर, वारस असते. घटस्फोटित पत्नी नसते, आणि सरकारी नोकराची फॅमिली पेन्शनही तिला मिळत नाही. तीन लाखांच्या बदल्यात काय काय सुटतंय, हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर ऐका: १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. जाताना लग्नाचा पुरावा, पासबुकं, दागिन्यांच्या पावत्या आणि नवऱ्याच्या पगाराचा किंवा पेन्शनचा एखादा कागद असला तर तो घेऊन जा. आणि कुणी सही मागितलेला कागद असेल तर तोही न्या, सही न करता.