अलेक्झांड्रोपोलचा मे महिना

श्रोतेहो, नमस्कार. १९२० सालच्या मे महिन्यात आर्मेनियातील अलेक्झांड्रोपोल या शहरात झालेल्या, आणि काही दिवसांतच मोडून काढलेल्या, कम्युनिस्ट उठावाविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

आर्मेनियाचे प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. २८ मे १९१८ रोजी ते जन्माला आले, ते ऑटोमन साम्राज्यातील कत्तलीतून जीव वाचवून आलेल्या लाखो निर्वासितांना पोटाशी घेऊनच; आणि पहिल्याच हिवाळ्यात भूक व टायफस यांनी सुमारे दोन लाख माणसे नेली. अशा देशात बोल्शेविकांचा, म्हणजे रशियात सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांचा, ‘भाकरी आणि शांतता’ हा शब्द लोकांच्या मनाला भिडला, याचे मला नवल वाटत नाही.

एप्रिलच्या अखेरीस बोल्शेविकांची लाल सेना शेजारच्या अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत, शिरली. आता ती आर्मेनियातही येणार, अशी आशा धरून अलेक्झांड्रोपोलच्या बोल्शेविकांनी एक मेच्या कामगार दिनी निदर्शने केली. तेथील रेल्वे स्थानकात सरकारची एक चिलखती आगगाडी उभी होती. इसवी सन ४५१ मध्ये इराणी सैन्याशी लढताना धारातीर्थी पडलेल्या सेनापती वर्दानचे नाव तिला दिले होते. राष्ट्राच्या सर्वांत पूज्य वीराचे नाव मिरवणारी हीच गाडी, तिचा कप्तान सार्गिस मुसायेल्यान याच्यासह, बंडखोरांना जाऊन मिळाली. सरकारला हा घाव फार खोल लागला असणार, कारण मुसायेल्यान हा त्यांच्याच सैन्यातील नावाजलेला अधिकारी होता.

दहा मे रोजी क्रांतिकारी समितीने सोव्हिएत सत्ता जाहीर केली. परंतु लाल सेना आली नाही. मॉस्कोचे लक्ष त्या वेळी पोलंडच्या युद्धात गुंतले होते. इकडे राजधानी येरेवानमध्ये हामो ओहानजान्यान यांच्या नव्या मंत्रिमंडळाने सर्वाधिकार हाती घेतले, आणि सरकारच्या बाजूचे सेनानी सेबूह यांच्या तुकड्यांनी चौदा मे रोजी शहर परत जिंकले. मुसायेल्यान, स्तेपान अलावेर्द्यान, तरुणांचा पुढारी घुकास घुकास्यान यांना प्राणाला मुकावे लागले. बंड मोडणे सरकारला भागच होते, हे मान्य करूनही, इतक्या थोड्या माणसांच्या राष्ट्राने आपलीच लढाऊ माणसे गमवावीत, याचे मला मनापासून दुःख होते.

सप्टेंबरात तुर्की सैन्य चालून आले, नोव्हेंबरात अलेक्झांड्रोपोल पडले, आणि दोन डिसेंबरला येरेवानची सत्ता बोल्शेविकांकडे गेली. मे महिन्यात ज्या शहरात लाल झेंडा चार दिवसच टिकला, त्याला १९२४ साली लेनिनाकान हे नाव मिळाले; आज ते ग्युमरी म्हणून ओळखले जाते.