केबल अडकली होती, साहेब

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात इतकी वर्षे वकिली करताना वेगमर्यादेच्या खटल्याचे कागद घेऊन माझ्याकडे अनेक माणसे आली, परंतु ‘मी गाडी वेगात चालवली’ असे सांगणारा माणूस त्यांत क्वचितच भेटला. गाडी वेगात होती, हे बहुतेकांना मान्य असे. वाक्यातला कर्ता तेवढा बदललेला असे. कोणाचा वेगकाटा कमी दाखवीत होता, कोणाच्या ब्रेकने ऐनवेळी दगा दिला होता, तर कोणाचा ॲक्सिलरेटर अडकला होता. दोष यंत्राचा होता, असे सांगून दंडातून सुटता येते का, हा आजचा विषय आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपण निवांत ऐकाल: क्वचित सुटता येते, आणि बहुधा माणूस आगीतून फुफाट्यात पडतो.

हे मला एका केबलने शिकवले. ती हकीकत सांगितल्याशिवाय मला कायद्याकडे वळता येणार नाही; किंबहुना ती सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय निवडला, असे आपण म्हणालात तरी माझी हरकत नाही.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची आहे. पंचवटीतले किराणा मालाचे एक घाऊक व्यापारी, त्यांना आपण नुसते शेठ म्हणू, घोटीकडचे लग्न आटोपून पहाटे मुंबई-आग्रा रस्त्याने घरी परतत होते. विल्होळीच्या पुढे, जिथे ताशी ५० किलोमीटरची मर्यादा होती, तिथे पोलिसांच्या रडार यंत्राने त्यांचा वेग ९६ नोंदवला. खटला दोन कलमांखाली दाखल झाला: वेगमर्यादा ओलांडल्याचे कलम १८३ आणि धोकादायक रीतीने वाहन चालविल्याचे कलम १८४. पहिल्या कलमाचा दंड त्या काळी जास्तीत जास्त ४०० रुपये होता, त्याचे शेठना काहीच वाटत नव्हते. पण दुसऱ्या कलमात सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती आणि ती ऐकल्यापासून त्यांचे जेवणावरून मन उडाले होते.

“वकीलसाहेब,” ते मला म्हणाले, “मी पाय उचलला होता हो, पण गाडीनं ऐकलंच नाही. ॲक्सिलरेटर खालीच अडकून बसला.”

त्यांची मोटार कार्ब्युरेटरची, जुन्या पद्धतीची होती. अशा गाडीत पायाखालच्या पॅडलपासून इंजिनापर्यंत एक पोलादी तार नळीतून गेलेली असते; तीच केबल. ती तार गंजली किंवा उसवली की पॅडल दाबले जाते, पण परत वर येत नाही. म्हणजे शेठ सांगत होते ते अशक्य कोटीतले नव्हते. मी विचारले, “मग गाडी न्यूट्रल का केली नाही?” ते म्हणाले, “त्या वेळी सुचतं का, साहेब?” हेही मला पटले. मी तेव्हा तरुण होतो आणि मला पुष्कळ गोष्टी पटत असत.

अंबडच्या एका गॅरेजमध्ये शेठ गाडी दुरुस्तीला देत. तिथल्या मिस्त्रींनी घटनेनंतर दोन दिवसांनी केबल बदलली होती आणि तशी पावतीही होती. मी ठरवले, मिस्त्रींनाच बचावाचे साक्षीदार म्हणून उभे करायचे. साक्षीदार बोलावणारा मी होतो, दुसरे कोणी नव्हते, हे पुन्हा सांगतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकाराची जबाबदारी माझी आहे.

आधी शेठची साक्ष झाली. न्यायदंडाधिकारी बाई होत्या. शांतपणे ऐकून घेत आणि मोजकेच विचारीत. त्यांनी विचारले, “पोलिसांनी पुढे हात दाखवल्यावर तुम्ही रस्त्याच्या कडेला गाडी व्यवस्थित थांबवली, अशी नोंद आहे. ॲक्सिलरेटर अडकला होता, तर गाडी थांबली कशी?” शेठ क्षणभर घुटमळले आणि हात जोडून म्हणाले, “देवाच्या कृपेने तेवढ्यात सुटला, मॅडम.” बाईंनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, आणि तिथेच मला पहिली शंका आली.

नंतर मिस्त्री पिंजऱ्यात आले. स्वच्छ धुतलेला सदरा, नखांत मात्र वर्षानुवर्षांचे ग्रीस, आणि बगलेत एक लाल चोपडी. माझ्या सरतपासात त्यांनी अप्रतिम साक्ष दिली. केबल गंजली होती, आतली तार उसवली होती, पॅडल अडकणे सहज शक्य होते. मी विजयी मुद्रेने खाली बसलो. सरकारी वकील उठले आणि त्यांनी उलटतपासात एकच प्रश्न विचारला, “हा दोष तुमच्या प्रथम लक्षात केव्हा आला?”

“दिवाळीला,” मिस्त्री म्हणाले.

लग्न फेब्रुवारीतले होते, हे मी आपल्याला सांगायचे राहिले.

मिस्त्री तेवढ्यावर थांबले असते तरी काहीतरी सावरता आले असते. पण कामाचा अभिमान असलेला माणूस अर्ध्यावर थांबत नाही. “मी शेठला तवाच बोललो होतो, मॅडम, केबल टाकून घ्या, एकशे वीस रुपयाचं काम हाय. शेठ बोलले, चालू दे तशीच. मागाहून गिऱ्हाईक आमच्याच नावानं ओरडतं, म्हणून मी लिहून ठिवतो.” असे म्हणून त्यांनी ती लाल चोपडी उघडली आणि बाईंसमोर धरली. तारखेसह लिहिले होते: ‘केबल खराब. शेठ नको म्हणाले.’

न्यायालयात कोणी हसत नाही, असा संकेत आहे. त्या दिवशी तो संकेत शिपायापासून सर्वांनी मोडला. बाईंनी मात्र माझ्याकडे पाहून विचारले, “वकीलसाहेब, आपल्या अशिलाला आपल्या गाडीतला दोष तीन महिने ठाऊक होता, असे आपले म्हणणे आहे का? तसे असेल तर कलम १९० चाही विचार करावा लागेल.” मी मधल्या सुट्टीची विनंती केली. सुट्टीनंतर शेठनी वेगमर्यादेचा गुन्हा कबूल केला. पहाटेचा रस्ता मोकळा होता, कोणाला धोका पोचल्याचा पुरावा नव्हता, म्हणून १८४ चा आरोप बाईंनी सिद्ध मानला नाही. चारशे रुपये भरून शेठ बाहेर आले. मिस्त्रींना त्यांनी स्वतःच चहा पाजला आणि माझी फी मात्र दोन हप्त्यांत दिली.

आता या हकीकतीतला कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १९० नुसार, वाहनात धोकादायक दोष आहे हे चालकाला ठाऊक असेल, किंवा साधी काळजी घेतली असती तर ठाऊक होऊ शकले असते, आणि तरीही त्याने ते रस्त्यावर आणले, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. पुन्हा सांगतो: ठाऊक असेल, किंवा ठाऊक होऊ शकले असते. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात बहुतेक सबबी सापडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाचा दंड १५०० रुपये आहे, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोटारीसाठी कलम १८३ चा दंड आज १००० ते २००० रुपये आहे. म्हणजे एक गुन्हा नाकारण्यासाठी माणूस आपल्या तोंडाने दुसरा कबूल करतो.

हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडमध्ये १९६१ च्या स्पर्ज खटल्यात न्यायालयाने मान्य केले की, अचानक उद्भवलेल्या यांत्रिक दोषामुळे वाहनावरचा ताबा सुटला, तर धोकादायक वाहन चालविल्याच्या आरोपावर तो बचाव होऊ शकतो. पण त्या चालकाला ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, हे आधीपासून माहीत होते, म्हणून त्याचा बचाव टिकला नाही. तिथे चोपडीवाले मिस्त्री होते की नाही, ते मला माहीत नाही.

वेगकाट्याच्या सबबीबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नसते. जास्त मात्र दाखवता येते. खरा वेग १०० असताना काटा ११४ पर्यंत दाखवू शकतो. काटा खरोखर कमी दाखवीत असेल, तर बहुधा आपणच टायर बदललेले असतात. १८५/६५ मापाच्या, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद आणि रुंदीच्या ६५ टक्के उंच कडेच्या, पंधरा इंची टायरऐवजी हौसेने २०५/६५ चे टायर बसवले, तर चाकाचा व्यास सुमारे चार टक्क्यांनी वाढतो आणि काटा तेवढाच मागे राहतो. गंगापूर रोडवर रात्री ज्या मोटारी रुंद टायरांवर गुरगुरत जातात, त्यांच्या मालकांना टायरवर हजारो रुपये खर्च करताना हे गणित कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि चार टक्क्यांनी ८० चे ८३ होतात, १२० होत नाहीत.

मग लढायचेच नाही का? अवश्य लढावे, पण योग्य जागी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७ अ या नियमानुसार वेग टिपणाऱ्या यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. यंत्राच्या टप्प्याआधी सूचनाफलक असावा लागतो. आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी लागते. छायाचित्रातला क्रमांक आपल्याच गाडीचा आहे का, हे आधी पाहावे. वेगमर्यादेचा फलक कोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली झाकला गेला असेल, तर त्याच दिवशी छायाचित्र काढावे. आपल्या शहरात हा बचाव केबलपेक्षा कितीतरी अधिक खरा असतो.

आणि दोष खरोखर अचानक उद्भवला असेल तर? ॲक्सिलरेटर अडकल्यास ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा, गाडी न्यूट्रल करावी, बाजूला घ्यावी आणि मगच इंजिन बंद करावे. त्यानंतर ती गाडी चालवीत घरी नेऊ नये. टोईंग गाडीची पावती, त्याच दिवसाची दुरुस्तीची नोंद, काढलेला सुटा भाग आणि त्याआधीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवाव्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ मध्ये अपघाताने घडलेल्या कृत्याला संरक्षण आहे, परंतु ‘योग्य काळजी आणि सावधगिरी’ घेतल्याचे दाखवावे लागते, आणि ते दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. आधीच्या पावत्या म्हणूनच नंतरच्या पावतीपेक्षा मोलाच्या आहेत.

गेल्या वर्षी ते शेठ पुन्हा भेटले. आता गाडी नवी आहे, तिच्यात केबल नाही, पॅडलची सूचना इंजिनाला विजेच्या संकेताने जाते. हातात समृद्धी महामार्गावरचे चलन होते. म्हणाले, “वकीलसाहेब, या वेळी सॉफ्टवेअरचा दोष दाखवता येईल का?” मी म्हटले, “येईल की. गाडी दुरुस्तीला कोणाकडे देता?” त्यांनी चलनाची घडी घातली, मोबाईल काढला आणि माझ्यासमोरच दंड भरून टाकला.